नाचता येईना, वय वाकडे

नाचाच्या बाबतीत माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर आधीच सांगून टाकतो : शून्य. उभ्या जन्मात मी एकदाच नाचलो, तेही गणपतीच्या मिरवणुकीत, आणि तेही पुढच्या गृहस्थांची टाच माझ्या अंगठ्यावर पडली म्हणून. पाहणाऱ्यांना वाटलं, अंगात आलं. तेव्हापासून मिरवणुकीत मी कडेकडेने चालतो आणि नाचणाऱ्यांच्या चपला, चष्मे आणि पाकिटं सांभाळतो. हे काम वाटतं तितकं हलकं नाही. नाचणाऱ्याला फक्त स्वतःचे पाय ठाऊक असतात; कडेला उभा असलेला सगळ्यांचे पाय पाहत असतो. कोण मनापासून नाचतोय, कोण साहेब बघतायत म्हणून नाचतोय आणि कोण नुसतेच गुडघे दुमडून वेळ काढतोय, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. तेव्हा पुढे एका नाचाच्या रेकॉर्डबद्दल मी जे लिहिणार आहे, ते चपला सांभाळणाऱ्याचं मत आहे असं समजून वाचावं.

तर झालं असं. ३१ जुलै २०१३ रोजी मी सरकारी नोकरीतून 'नियत वयोमानानुसार' निवृत्त झालो. हा शब्दप्रयोग ज्याने शोधला त्याला माझा साष्टांग नमस्कार. माणूस कंटाळून गेला नाही, भांडून गेला नाही, त्याला कुणी काढलाही नाही. आंबा पिकतो तसा तो ५८ व्या वर्षी आपोआप गळून पडला, एवढा सगळा अर्थ दोन शब्दांत. निरोप समारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देण्याची ही प्रथा कुणी पाडली कोण जाणे. वक्त्यांनी "साहेबांनी आता नातवंडांत रमावं" असा सल्ला दिला. माझ्या मुलीचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. एका सहकाऱ्याने ज्ञानेश्वरी दिली. घरात आता तीन झाल्या.

आणि पुढच्याच आठवड्यात लंडनहून भाच्याचं पार्सल आलं. कुरियरवाल्या पोराने दारातूनच पाकीट उलटंपालटं करून वाचलं आणि म्हणाला, "काका, कुत्र्याचं काहीतरी आलंय." आमच्याकडे कुत्रा नाही. सौभाग्यवतींनी चष्मा लावून पाहिलं. भाच्याने कस्टमवाल्यांच्या सोयीसाठी आतल्या वस्तूचं नाव वर लिहिलं होतं : पेट शॉप बॉईज, इलेक्ट्रिक. "अहो, इलेक्ट्रिकचं बिल लंडनहून कधीपासून यायला लागलं?" असं त्यांनी विचारलं. आत एक सीडी होती आणि एक चिठ्ठी : "मामा, रिटायरमेंटबद्दल अभिनंदन. या दोघांतला एक तुझ्याहून एका वर्षाने मोठा आहे. ऐक."

हे दोघे म्हणजे नील टेनंट आणि ख्रिस लो. १९८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर, विजेचं सामान मिळतं तशा एका दुकानात त्यांची ओळख झाली. महाकवींच्या भेटी नदीकाठी होतात, यांची वायरी आणि प्लगांच्या संगतीत झाली, आणि पुढची चाळीस वर्षं ते प्लग न लावता एक सूरही काढू शकले नाहीत. टेनंट तेव्हा ऑफिसात जाणारा माणूस होता. पुढे तो 'स्मॅश हिट्स' या पॉपच्या पाक्षिकात सहायक संपादक झाला. म्हणजे आधी टीकाकार आणि मग गायक. आपल्याकडे हा प्रवास सहसा उलटा होतो. लो लिव्हरपूलला आर्किटेक्चर शिकत होता आणि मिल्टन कीन्स नावाच्या गावी त्याने आखलेला एक जिना आहे. हा जिना वाचकांनी लक्षात ठेवावा. मला पुढे चढायचा आहे. त्यांचे काही मित्र ईलिंगला पाळीव प्राण्यांच्या दुकानात कामाला होते, त्यावरून नाव पडलं पेट शॉप बॉईज. १९८६ साली 'वेस्ट एंड गर्ल्स' या गाण्याने जानेवारीत इंग्लंडचा आणि मे महिन्यात अमेरिकेचा पहिला नंबर पटकावला. मी त्या वर्षी खात्याची परीक्षा दुसऱ्यांदा देत होतो.

त्यांच्या रेकॉर्डांची नावंही एकेका शब्दाची. पहिलीचं नाव 'प्लीज'. का, तर दुकानात जाऊन गिऱ्हाइकाने "पेट शॉप बॉईज, प्लीज" असं म्हणावं. मग 'ॲक्चुअली', मग 'व्हेरी'. सबंध वाक्य पुरं करायला यांना तीस-चाळीस वर्षं लागणार, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

भाच्याच्या चिठ्ठीतली ती वयाची ओळ मात्र मला चांगलीच झोंबली. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. (सरकारी माणसाचं मन कागद-पेन्सिलीशिवाय हलत नाही.) टेनंटचा जन्म १० जुलै १९५४ चा. म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या नियमाप्रमाणे हा गृहस्थ ३१ जुलै २०१२ ला कार्यालयीन वेळेनंतर सेवानिवृत्त. प्रत्यक्षात १२ ऑगस्ट २०१२ ला, म्हणजे निवृत्तीच्या बरोबर बाराव्याला, लंडन ऑलिंपिकच्या समारोपात तो डोक्यावर उंच टोकदार टोपी घालून सायकलरिक्षात बसला होता आणि अख्ख्या जगासमोर 'वेस्ट एंड गर्ल्स' गात होता. लो दुसऱ्या रिक्षात. तो नेहमीप्रमाणे काहीच करत नव्हता. त्याविषयी नंतर.

पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची जी रेकॉर्ड निघाली, 'इलिझियम' नावाची, ती ऐकली तर हा माणूस खरोखरच पेन्शनीत निघाल्यासारखा वाटतो. लॉस एंजेलिसला जाऊन केलेली, उन्हात आरामखुर्ची टाकल्यासारखी संथ, गोड रेकॉर्ड. त्यात 'इनव्हिजिबल' नावाचं गाणं आहे : वय झालं की माणूस खोलीत असूनही कुणाला दिसत नाही, त्याबद्दलचं. दुसऱ्या एका गाण्यात टॅक्सीवाल्यांनी वेळोवेळी टेनंटला ऐकवलेली वाक्यं एकत्र बांधली आहेत. तुमची सुरुवातीची गाणी छान होती हो, आता रिटायर झालात ना, या जातीची. गाणं हसण्यावारी नेलेलं आहे, पण मीटर चालू असताना हे ऐकून घेणाऱ्याचा चेहरा कसा झाला असेल ते मी सांगू शकतो. इलिझियम म्हणजे ग्रीकांच्या पुराणातलं पुण्यवंतांचं मरणोत्तर वसतिस्थान. टीकाकारांनी सभ्यपणे टोप्या काढल्या. रेकॉर्ड नवव्या नंबरापर्यंत पोचली आणि खाली आली. आता यानंतर शिरस्त्याप्रमाणे तीन वर्षं शांतता, एखादा जीवनगौरव, आणि मग आठवणी.

त्याऐवजी जेमतेम दहा महिन्यांनी, १५ जुलै २०१३ ला, 'इलेक्ट्रिक' निघाली. नऊ गाणी. सगळी पन्नास मिनिटांच्या आत. आणि अथपासून इतीपर्यंत नाच. बसून ऐकायची सोय नाही. टेनंटला ५९ पूर्ण होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. लो तिथला तरुण, ५३ वर्षांचा.

शिवाय त्यांनी नोकरी सोडली होती. १९८५ पासून ते पार्लोफोन या कंपनीकडे होते. पार्लोफोन म्हणजे बीटल्सची कंपनी. ईएमआय या मोठ्या घराण्याची एक पाती. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्हीची रेकॉर्ड आपल्याकडे घरोघर होती ना, तीही याच घराण्यातली. म्हणजे आमच्या माजघरात जो कुत्रा बालगंधर्व ऐकत बसायचा, त्याचंच हे घर. पुढे हे घराणं मोडलं, वाटण्या झाल्या, आणि पार्लोफोनही दुसऱ्याच्या घरी गेली. पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या या पोरांनी साठीच्या उंबरठ्यावर कुत्र्याचं घर सोडलं आणि 'एक्स टू' नावाचं स्वतःचं दुकान थाटलं. वितरणाचं काम कोबाल्ट नावाच्या कंपनीवर सोपवलं आणि माल आपला विकायला काढला. निवृत्तीनंतर लोक पिठाची गिरणी टाकतात, झेरॉक्सचं मशीन घेतात, तसंच हे. आमच्या घरी मी गिरणीचा विषय काढला होता तेव्हा "पीठ नाकात जाईल" एवढ्या एका वाक्यात तो निकालात निघाला.

आता मूळ मुद्दा. ऐकायला कशी आहे?

मी पहिल्यांदा लावली तेव्हा आतून आवाज आला, "अहो, पंप चालू राहिलाय का?" मी म्हटलं, "गाणं आहे." त्यावर थोडा वेळ शांतता, आणि मग, "बरं, संपलं की टाकी बघा." ही टीका वरवरची नाही. या संगीताचं पहिलं दर्शन पंपासारखंच होतं. चार मात्रांचा ठेका, आणि चारही मात्रांवर सारख्याच जोराने धप्प, धप्प, धप्प, धप्प. आपण तीनतालात सोळा मात्रा समेची वाट पाहतो आणि सम आली की मान हलवतो. इथे प्रत्येक मात्रा समच. मान हलवायची म्हटली तर मान राहणार नाही. म्हणूनच ते लोक पाय हलवतात.

आणि हे सगळं यंत्राचं. ढोल यंत्राचा, खर्ज यंत्राचा, तंतुवाद्यं यंत्राची. आमच्या पिढीला यंत्र म्हटलं की संगीताचा आत्मा हरवल्याचं दुःख होतं. पण हे दुःख आपण जरा बेतानेच करावं. मैफलीत बुवांच्या मांडीशी टिफिनच्या डब्याएवढं एक खोकं ठेवलेलं असतं आणि दोन तास तंबोरा वाजवत असतं. त्यावर शाल पांघरली की कुणाचा आत्मा हरवत नाही. ते खोकं विजेवर चालतं. लंडनच्या खोक्याचा दोष एवढाच, की त्यांनी त्यावर शाल पांघरली नाही.

चार-पाचदा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे गायन कमी आणि बांधकाम जास्त आहे. आता तो लोचा जिना. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्याच असतात. म्हणून जिना कंटाळवाणा, असं कुणी म्हणत नाही, कारण आपण वर जात असतो. पहिलं गाणं 'ॲक्सिस'. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. एक स्वरावली सुरू होते. आठ पायऱ्यांनंतर तिच्याखाली खर्ज येतो, आणखी आठ पायऱ्यांनी टाळ्यांसारखा आवाज, मग सगळं अचानक काढून घेतलं जातं, आणि पायाखाली पायरी नाही असं वाटतं न वाटतं तोच सगळं एकदम परत येतं. विजेच्या लोडशेडिंगनंतर पंखा फिरायला लागल्यावर घरातली सगळी माणसं एकदम "आँ" म्हणायची, तो आनंद. हे बांधकाम ज्याने पक्कं केलं तो स्टुअर्ट प्राइस. मॅडोनाची २००५ सालची नाचाची रेकॉर्ड याच्याच हातची. जन्म १९७७ चा. म्हणजे म्हाताऱ्यांनी मुकादम तरुण नेमला, पण प्लॅन आपलाच ठेवला. आमच्या खात्यात नेमकं उलटं चालायचं.

रेकॉर्डचा कळस तिसऱ्या गाण्यात आहे. त्याचं नाव मराठीत आणायचं तर 'प्रेम ही एक बूर्झ्वा संकल्पना आहे'. हा शब्दप्रयोग टेनंटला डेव्हिड लॉज यांच्या १९८८ सालच्या 'नाइस वर्क' या कादंबरीतून मिळाला. चाल मिळाली मायकल नायमनकडून. नायमनने ती केली होती १९८२ सालच्या 'द ड्राफ्ट्समन्स कॉन्ट्रॅक्ट' या सिनेमासाठी, आणि ती त्याने घेतली होती हेन्री पर्सेलच्या १६९१ सालच्या 'किंग आर्थर' या संगीतिकेतून. कुणी म्हणेल, ही सरळ उचलेगिरी झाली. मला त्यात काही गैर वाटत नाही. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं उघडउघड छापायचे. कर्जाची नोंद असली की ती चोरी नसते, एवढं हिशेब खात्यात मी नक्कीच शिकलो. आणि सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी सुरावटीखाली पंपाचा ठेका घातला तर ती जराही अवघडत नाही. उलट इतकी वर्षं कुणी ठेका का धरला नाही, असा तिचा चेहरा होतो.

गाण्यात एक गृहस्थ आहे. त्याची बाई त्याला सोडून गेली आहे. त्याने आता असं ठरवलंय, की प्रेम वगैरे सगळं धनिक वर्गाने रचलेलं थोतांड आहे. तो घरी बसून पुन्हा मार्क्स चाळतो, चहा पितो, काहीही करत नाही आणि त्याला तात्त्विक बैठक देतो. आमच्या ऑफिसात युनियनचे एक कॉम्रेड होते. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा ते पेढे घेऊन सगळ्या टेबलांवर फिरले, आणि दोन महिन्यांनी मोडलं तेव्हा विवाहसंस्था आणि खाजगी मालमत्ता यांचा संबंध त्यांनी मला तीन लंच टायमांत समजावून सांगितला. मी तेव्हा हसलो होतो. हे गाणं ऐकताना ते हसू मला जरा महागात पडलं. कारण वरती सनई-चौघडा वाजावा तशी पर्सेलची राजेशाही चाल दणाणतेय, आणि खाली नवरदेव एकटाच उभा आहे. तो रडत नाही. त्याचा स्वर कुठेही ओला होत नाही. फक्त हळूच कळतं, की ही सगळी क्रांती ती परत येईपर्यंतच टिकणार आहे. सहा मिनिटांहून मोठं गाणं आहे आणि त्यातला एक सेकंद काढावा असं मला वाटत नाही. नाचाच्या गाण्यात इतकं दुःख इतक्या नीटनेटक्या इस्त्रीत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ही इस्त्री म्हणजेच टेनंटचा आवाज. या आवाजाला पल्ला नाही, तान नाही, कंप नाही. माणूस तोंडी परीक्षेला बसल्यासारखा एकेक शब्द स्वच्छ उच्चारतो. 'खालील बाबी निदर्शनास आणून देण्यात येत आहेत,' या चालीवर प्रेमभंग सांगतो. तरुण असतानाही त्याचा आवाज असाच होता, त्यामुळे वय वाढलं तरी त्याचं काही बिघडलं नाही. छातीतून गाणाऱ्यांची साठीला पंचाईत होते. हा पहिल्यापासून कपाळातून गातो.

बाकीची गाणी भराभर सांगतो. 'बोल्शी' हा इंग्रजीत बोल्शेविकवरून आलेला शब्द, अर्थ अडेलतट्टू; गाणं हसरं आहे, दोनदा ऐकावं आणि पुढे जावं. 'फ्लुओरेसंट' रात्रीच्या पार्ट्यांत चमकणाऱ्या एका बाईवर आहे. आपल्याकडे ट्यूबलाइट म्हणजे उशिरा पेटणारा माणूस. हे गाणंही तसंच, बराच वेळ लुकलुकतं, पण एकदा पेटलं की खोलीतली धूळसुद्धा दिसायला लागते. 'इनसाइड अ ड्रीम'मध्ये विल्यम ब्लेकच्या ओळी आणून बसवल्यात. त्या तिथे पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या आहेत. 'शाउटिंग इन द ईव्हनिंग' मात्र नुसता आरडाओरडा. या गाण्याला सौभाग्यवती स्वतः बाहेर आल्या, आणि या एकाच बाबतीत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत झालो.

'द लास्ट टु डाय' हे ब्रूस स्प्रिंगस्टीनचं २००७ सालचं गाणं. एका चुकीपायी मरणारा शेवटचा माणूस कोण, हा प्रश्न व्हिएतनामहून परतलेल्या जॉन केरीने १९७१ साली अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे विचारला होता; स्प्रिंगस्टीनने तो इराकच्या युद्धाच्या काळात पुन्हा विचारला. आणि या दोघांनी त्यावर नाचाचा ठेका लावला! पहिल्यांदा मला चीड आली. मरणाचा प्रश्न आणि लोक कंबर हलवतायत? मग वाटलं, पोवाडा तरी कोण कुजबुजत म्हणतं? तोही डफावरच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याची मांडी थापली जातेच. तरी शंभरातले साठच गुण. स्प्रिंगस्टीनच्या घशातली माती इथे धुतली गेली आहे.

आणि 'थर्सडे'. म्हणजे गुरुवार. या लोकांचा शनिवार-रविवार गुरुवारी रात्रीच सुरू होतो आणि गायक कुणालातरी थांबायची गळ घालतो. आमच्याकडे गुरुवारी उपास असतो. साबुदाण्याची खिचडी खात ते गाणं ऐकताना दोन संस्कृतींतलं अंतर पोटातच जाणवतं. मध्येच एक्झाम्पल नावाचा तरुण रॅपर येऊन बराच वेळ बोलून जातो. त्याची गरज नव्हती. समारंभात आयत्या वेळी व्यासपीठावर बोलावलेल्या पाहुण्यासारखा तो आहे. वाईट बोलत नाही, पण आपली गाडी चुकते.

इथवर मी गुण देत होतो. आता जरा अवघड जागी येतो.

ऑगस्टच्या अखेरीस पेन्शनच्या कागदांसाठी मी आमच्या जुन्या ऑफिसात गेलो. महिनाही झाला नव्हता. टेबलावर एक नवा मुलगा होता. त्याने मान वर न करता विचारलं, "आजोबा, काय काम आहे?" मी नाव सांगितलं. त्याने स्पेलिंग विचारलं. माझ्या सहीची पाटी ज्या दारावर होती त्या दारासमोरच्या बाकावर मी पंचेचाळीस मिनिटं बसून होतो. माझ्या हाताखाली काम केलेली दोघंतिघं समोरून गेली. घाईत होती; तोडणार नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही असंही नाही. मी दिसलोच नाही. 'इनव्हिजिबल' हे गाणं मला तिथे त्या बाकावर कळलं, आणि ते फारसं चांगलं नाही हेही तिथेच कळलं. ते गाणं म्हणतं, मी दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. वाईट वाटतंच, त्यात काय गायचं?

घरी येऊन मी 'इलेक्ट्रिक'मधलं शेवटचं गाणं लावलं, 'व्होकल'. नाचाची रात्र आहे. आसपास माणसं आहेत. अशा ठिकाणी नुसतीच यंत्रं वाजत असतात; पण आता लागलेल्या तुकड्यात कुणीतरी गातंय, आणि गाणारा जरा एकटा, विचित्र वाटतो, म्हणून तो आवडतोय. बस, एवढंच. पण सांगणारा कुठे उभा आहे ते बघा. तो मधोमध नाही. त्याला कुणी पाहावं अशी त्याची अपेक्षाही नाही. तो आहे, पाहतोय, आणि खूश आहे. ज्याची तक्रार आदल्या वर्षीच्या रेकॉर्डमध्ये होती तीच स्थिती इथेही आहे. दिसत नाही तो नाहीच. पण तक्रारीच्या अर्जावर त्याने दहा महिन्यांत एक ठेका लावला आणि अर्ज मागे घेतला. या गाण्याच्या चित्रफितीतही हे दोघे कुठे नाचत नाहीत. जुन्या रेव्ह पार्ट्यांत हौशी लोकांनी काढलेली दृश्यं आहेत, घामाघूम पोरापोरींची.

म्हणून मला लो सर्वांत जवळचा वाटतो. टेनंट निदान गातो तरी. लो टोपी आणि काळा चष्मा घालून की-बोर्डमागे उभा राहतो. हसत नाही, हलत नाही, कुणाकडे पाहत नाही. १९८६ पासून त्याची ही जागा ठरलेली आहे. 'इलेक्ट्रिक'च्या दौऱ्यात भोवती नर्तक बैलांची मुंडकी घालून उड्या मारत होते, लेझरचे झोत फिरत होते, बैलपोळा आणि दिवाळी एकाच मांडवात. आणि हा आपला मध्ये उभा, बसची वाट पाहिल्यासारखा. अख्ख्या मैदानाला नाचायला लावणारा माणूस स्वतः एक पाऊल टाकत नाही. लोक याला शिष्टपणा म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं आणि ओळखलं. हा चपला सांभाळतोय.

टीकाकारांनी तेव्हा भरभरून लिहिलं, बहुतेकांनी 'पुन्हा तरुण झाले' असं लिहिलं. मला ते पटत नाही. तरुण माणूस अशी रेकॉर्ड करणार नाही; तो मधोमध उडी घेईल आणि कडेचं त्याला काही दिसणार नाही. रेकॉर्ड इंग्लंडात तिसऱ्या नंबरापर्यंत गेली. १९९३ साली 'व्हेरी' पहिल्या नंबरावर होती, त्यानंतर वीस वर्षांत त्यांना एवढं वर चढता आलं नव्हतं. हे त्या टॅक्सीवाल्यांच्या कानांवर कुणीतरी घालायला हवं होतं.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत मी नाचलो का, असं काही वाचक आशेने विचारतील. नाही. गुडघे माझेच आहेत. पण सात चष्मे, चार पाकिटं आणि चपलांचे नऊ जोड सांभाळले, आणि कोपऱ्यावरच्या डीजेवाल्याच्या ठेक्यात पायऱ्या नीट बसलेल्या नाहीत, असं त्याला जाऊन सांगितलं. त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं.

प्राइसला घेऊन त्यांनी पुढे आणखी दोन रेकॉर्डी केल्या, २०१६ ची 'सुपर' आणि २०२० ची 'हॉटस्पॉट'. दोन्हींना बूड आहे, पण जिना 'इलेक्ट्रिक'इतका उंच नाही. मग २०२४ च्या एप्रिलमध्ये घर सोडून गेलेली ही पोरं आपल्या जुन्या पार्लोफोनकडे परत आली. टेनंट तेव्हा ६९ वर्षांचा होता. नव्या रेकॉर्डचं नाव पुन्हा एकाच शब्दाचं : 'ननदलेस'. म्हणजे 'तरीसुद्धा'. भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, आता सीडी कोण ऐकतं? पाठवू का नको?"

"पाठव," म्हटलं. "प्लेअर दुरुस्तीला टाकलाय."